परदेशी निघताय? आधी तंबाखूच्या पुडीचं बघा

सोलापुरात तंबाखूला व्यसन म्हणायची पद्धत नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात, चहाच्या टपरीवर, बांधावर हात पुढे केला की चिमूट मिळते. त्यामुळे नोकरीसाठी बाहेर निघालेला माणूस शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या शेजारी पाच-सहा पुड्या आणि चुन्याची डबी सहज टाकून देतो. बॅगेतल्या इतर वस्तूंची चौकशी सगळे करतात, पुडीची कुणी करत नाही, आणि अडकायला होतं ते तिथंच.

ज्या देशात जाणार त्याबद्दल तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: विकायला बंदी आहे का, आणायला आहे का, आणि नुसती जवळ बाळगायला आहे का. आपल्याकडे महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा बंद आहे, पण साधी तंबाखू दुकानात मिळते. त्या सवयीनं 'बंदी असली तरी मिळतंय की' असं डोक्यात बसलेलं असतं. ते इथंच सोडून जा.

सिंगापूरमध्ये तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'होय' आहे. खैनी, जर्दा, गुटखा काहीही आणता येत नाही, आणि 2018 पासून विकत घेणं, वापरणं, खिशात ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे. एक पुडी असली तरी गुन्हा तो गुन्हाच. आणणाऱ्याला दंडाबरोबर कैदही होऊ शकते.

आखाती देशांतही हीच सावधगिरी ठेवा. कतारने 2016 च्या कायद्यानं चघळायची तंबाखू बंद केली. अमिरातीत विड्याच्या पानासकट पानाचं सामान आणायला मनाई आहे. लेबर कॅम्पमध्ये चोरून पुड्या विकणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याच्याकडून घेऊ नका. तुमचा व्हिसा कंपनीच्या हातात असतो, आणि पोलिसांचं प्रकरण झालं तर नोकरीच धोक्यात येते.

ऑस्ट्रेलियात चघळायच्या तंबाखूची विक्री 1991 पासून बंद आहे. विमानतळावर करमुक्त मर्यादा 25 ग्रॅमची आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर वरच्या भागावर नव्हे, सगळ्या मालावर कर लागतो, आणि तिथला तंबाखूवरचा कर फार जबर आहे. ब्रिटनमध्ये उलट गोष्ट: ओठाखाली ठेवायचा स्नस 1992 पासून विकता येत नाही, पण चघळायची तंबाखू चालते. भारतातून जाताना सिगारेट नेत नसाल तर 250 ग्रॅमपर्यंत तंबाखू करमुक्त नेता येते. स्वीडन हा युरोपीय संघातला अपवाद, तिथं स्नस उघड विकला जातो. अमेरिकेत वयाची अट 21 वर्षांची आहे, ती डिसेंबर 2019 पासून.

घरच्या बायकांचं वेगळं सांगायला हवं. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आई, सासूबाई येतात आणि बटव्यात मिश्री असते. त्यांच्या लेखी ते दंतमंजन आहे, कायद्याच्या लेखी तंबाखू. शिवाय लेबल नसलेली काळी पूड आणि पांढऱ्या चुन्याची डबी ही जोडी कुठल्याही कस्टममध्ये संशय घ्यायलाच लावते. तिकीट काढतानाच त्यांच्याशी मोकळेपणानं बोला. विमानतळावर त्यांच्या हातून बटवा काढून घेतला जाणं फार वाईट.

आता सोडायचं कसं. चुन्यामुळे तोंडातलं निकोटिन मोकळं होऊन गालातून पटकन रक्तात जातं, म्हणून तंबाखू-चुन्याची ओढ इतकी घट्ट असते. अचानक बंद केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड सर्वात जास्त होते. नव्या नोकरीचा पहिला आठवडा त्यात घालवू नका, निघायच्या सहा आठवडे आधीच सुरुवात करा. निकोटिनचं च्युइंग गम 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली चिमूट लागत असेल तर डॉक्टर बहुतेक 4 चं देतात. हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

गम पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, आणि दिवसाला 24 च्या वर कधीच नाही. बहुतेकांचं चुकतं ते चावण्यात. सावकाश चावा, तिखट झिणझिण लागली की थांबा आणि गालाशी दाबून ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा. एक गम अर्धा तास पुरतं. भराभर चावून लाळ गिळली तर उचक्या लागतात, पोटात जळजळ होते, आणि माणूस 'हे काय कामाचं नाही' म्हणून परत पुडीकडे वळतो. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबा, कारण तोंड आंबट असलं की निकोटिन शोषलंच जात नाही. सोबत नेताना मूळ पाकीट, बिल आणि डॉक्टरची चिठ्ठी ठेवा.

निघण्याआधी सोलापुरातच दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा, परदेशात तो खर्च झेपत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तिखट लागताच आग होणं, किंवा आपलीच तीन बोटं उभी तोंडात न जाणं यांपैकी काहीही असेल तर तपासणी पुढे ढकलू नका.

मोफत सल्ल्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर आहे. भारतात असतानाच तिथं बोलून घ्या. आणि इतकं करूनही एखादी पुडी बॅगेत राहिलीच, तर उतरल्यावर कस्टममध्ये 'दाखवण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या हिरव्या मार्गानं जाऊ नका. लाल मार्गानं जा आणि विचारायच्या आधी स्वतः दाखवा.