मुलांचा तोल, दम आणि झेल: घरच्या घरी कसा तपासायचा

गावाकडची पोरं काटक आणि शहरातली नाजूक, असं सरसकट धरून चालू नका. सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅटमध्ये वाढणारं मूल बहुधा दमात आणि हाताच्या पकडीत मागे असतं. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या वस्तीवरचं मूल चालतं, चढतं भरपूर, पण चेंडूचा सराव नसला तर झेलताना गडबडतं. आणि आता शाळेची गाडी वस्तीपर्यंत येते, तिथं चालणंही सुटतं. म्हणून पत्ता बघू नका, मोजा.

तोल: सुताराकडून 50 सेंमी लांब, 5 सेंमी उंच, 3 सेंमी रुंद पट्टी करून घ्या, ती कलंडू नये म्हणून खाली दोन आडवे ठोकळे हवेतच. मूल अनवाणी एका पायावर उभं राहील, दुसरा पाय मागे दुमडून त्याच बाजूच्या हातानं धरेल. तोल गेला की घड्याळ थांबवा, पुन्हा उभं राहिलं की चालू करा. 60 सेकंदांत किती वेळा तोल गेला ते लिहा. पहिल्या 30 सेकंदांतच 15 वेळा गेला तर चाचणी तिथंच थांबवा. सुधारायला लंगडीसारखं काही नाही, फक्त दोन्ही पायांवर. मुलं सोयीचाच पाय वापरतात, दुसरा कच्चा राहतो.

दम: चौथीपासून पुढे 600 मीटर. बहुतेक मुलं पहिले 100 मीटर सुसाट पळतात आणि मग कंबर धरून उभी राहतात. पहिली फेरी बोलत बोलत पळता येईल इतकी सावकाश ठेवा. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत आटपा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापूरचं होम मैदान गजबजलेलं असतं, तेव्हा दुसरी जागा शोधून ठेवा. रानात पळवणार असाल तर उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, घोटा मुरगळतो. मुरमाची वाट बरी.

झेल: तीन मीटरवरून टेनिस बॉल खालून हळू टाका, दहा वेळा. मूल डोळे मिटून बॉल छातीशी कवटाळत असेल तर त्याला बॉलची भीती वाटते. आधी टॉवेलची घट्ट गाठ मारून तीच फेका, मग मोठा रबरी बॉल, शेवटी टेनिसचा. फेकताना उजव्या हाताबरोबर उजवाच पाय पुढे येत असेल तर डाव्या पायाच्या जागी खडूनं पाऊल काढा.

पकडीसाठी दणकट आडव्या बारला 10-10 सेकंद लोंबकळणं पुरे. दाराची चौकट नको, बोटं चेमटतात.

पाच ते सतरा वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. ती सलगच हवी असं नाही.

सहा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा. पाच वर्षं उलटूनही एका पायावर उडी येत नसेल, किंवा आधी येणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर सराव थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांनाही हे आवर्जून सांगा.