स्वस्तातला सर्व्हर सारखा बंद पडतो? या चुका टाळा

महिना पाच-सहाशे रुपयांच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) साइट चालवताना दगा सहसा मशीन देत नाही. साध्या साध्या गोष्टी नडतात.

सर्व्हर पिंगला (चालू आहेस का, या साध्या हाकेला) उत्तर देतो, पण साइट उघडत नाही? आधी डिस्क बघा. बहुधा लॉगने, म्हणजे घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदींनी, ती गिळलेली असते. डॉकर (ॲप वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर जास्तच शक्यता, कारण मुळातल्या सेटिंगमध्ये कंटेनरच्या लॉगला आकाराची मर्यादाच नसते. घाईत लोक लॉग फाइल डिलीट करतात आणि जागा काही सुटत नाही. चालू प्रोसेसने ती फाइल धरून ठेवलेली असते. अशा वेळी फाइल उडवू नका, आतून रिकामी करा. मग जुने लॉग वेळोवेळी आपोआप हटवणारं लॉगरोटेट लावा. जागा शिल्लक दिसत असूनही 'डिस्क भरली' असंच येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) संपलेत का ते तपासा. सेशन किंवा कॅशच्या लाखो बारीक फाइल्स साठल्या की असं होतं.

साइटचा डेटाबेस सांभाळणारं मायएसक्यूएल रात्री-अपरात्री मरतं आणि आपण सकाळी रीस्टार्ट करून मोकळे होतो. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग वाचलात तर मेमरी संपल्यामुळे लिनक्सनेच त्याला मारल्याचं दिसेल. १ जीबी रॅमवर साइटचा कोड चालवणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेसची संख्या कमी करा, १-२ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) द्या. मोठा प्लॅन घ्यायची गरज बऱ्याचदा पडत नाही.

साइटच्या https साठी फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. ते आपोआप नवं झालं तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतं. मुदत संपत आल्याचे ईमेलही त्यांनी २०२५ मध्ये बंद केले.

बॅकअप त्याच डेटा सेंटरमध्ये ठेवू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या इमारतीला आग लागली, तेव्हा बॅकअपही तिथेच असलेल्यांच्या हाती काही उरलं नाही. साइटवर पाळत ठेवणारी स्क्रिप्टही बाहेरूनच चालवा. सर्व्हर पडल्यावर त्याच्यावरचीच स्क्रिप्ट निरोप कसा देणार?

दोन सर्व्हर आणि त्यांच्यात भार वाटणाऱ्या लोड बॅलन्सरचा हट्ट एकट्या माणसाने धरू नये, असं माझं मत. साइट ९९.९ टक्के वेळ चालू हवी म्हटलं तरी महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते.

आणि हो, बिल. रिझर्व्ह बँकेचे १ ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम आल्यावर परदेशी कंपन्यांचं कार्डावरचं ऑटो-पेमेंट अनेकांचं अडकलं. होस्टिंग कंपनीकडच्या खात्यात दोन-तीन महिन्यांची रक्कम आगाऊ ठेवा आणि डोमेन एकदम काही वर्षांचं भरून टाका.