घोडी राहते, पण गाभ टिकत नाही? आधी दिवस मोजा

माघ सरत आला की माझ्याकडे फोन सुरू होतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याहून किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेली घोडी एव्हाना घरी रुळलेली असते. दिवस मोठा होऊ लागलेला असतो आणि घोडीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो, म्हणून फेब्रुवारी ते मे हा तिला भरवायचा खरा हंगाम. फोनवरचं वाक्य दरवर्षी तेच: "डॉक्टर, दोनदा राहिली आणि दोन्ही वेळा उलटली. गाभ टिकायचं काहीतरी टोचा ना."

टोचण्याआधी मी विचारतो, कितव्या दिवशी उलटली, म्हणजे गाभ कधी गेला? इथे बहुतेक जण अडतात. "झाला असेल महिना-दीड महिना." पण विसाव्या दिवशी गेलेला गाभ आणि पन्नासाव्या दिवशी गेलेला गाभ ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. त्यात डोळ्यांना काही दिसत नाही. चौदाव्या दिवशी घोडीचा गाभ म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटरची पाण्याची गोळी. ती जिरते किंवा निघून जाते, गोठ्यात काही सापडत नाही. म्हणून भरवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि सोनोग्राफी करून घ्या. पहिली १४ ते १६व्या दिवशी, दुसरी २५ ते २८व्या दिवशी (तेव्हा काळजाचे ठोके दिसतात), तिसरी ४० ते ४५ दिवसांनी आणि जमलं तर ६०व्या दिवशी आणखी एक. हंगामात तीन-चार वेळा मशीनपर्यंत घोडी न्यायची म्हणजे खर्च आहे, कबूल. पण वाया गेलेलं वर्ष त्याहून महाग पडतं.

चौदाव्या दिवशीच पिशवी (गर्भाशय) रिकामी दिसली तर गाभ धरलाच नाही किंवा अगदी सुरुवातीला गेला. तेव्हा नराचं वीर्य, भरवायची वेळ आणि घोडीचं वय तपासायचं. चौदाव्या दिवशी दिसला आणि महिन्याच्या आत गेला, तर माझा पहिला संशय गर्भाशयावर जातो. घोडीचा गर्भ सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत एका जागी बसत नाही, पिशवीभर फिरत राहतो. त्या फिरण्यानेच घोडीच्या शरीराला गाभाची वर्दी मिळते आणि पुढचा माज थांबतो. पिशवीत पाणी, सूज किंवा मोठ्या गाठी असल्या की तो फिरू शकत नाही किंवा नीट रुजत नाही.

भीमाकाठच्या एका गावातली तेरा वर्षांची कुमेत (तांबूस-तपकिरी) घोडी आठवते. दोन्ही वेळा सोळाव्या दिवशी गाभ दिसला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पिशवी रिकामी. मालकाने हार्मोनचं इंजेक्शन आणून ठेवलेलं होतं, मी फक्त सुई मारायची! मी म्हटलं, आधी तिला दुडक्या चालीने पळवा. पोराने लगाम धरून पळवली तर मागून प्रत्येक पावलाला फुर्र, फुर्र असा आवाज. शेपटी उचलून पाहिलं. गुदद्वार आत खोल गेलेलं, निरणाचा (योनीमुखाचा) वरचा भाग आडवा झालेला आणि त्यावर लीद चिकटलेली. लीद टाकली की थेट निरणावर पडायची, चालताना हवेबरोबर घाण आत खेचली जायची. अशी पिशवी स्वच्छ राहणार कशी? माजात असताना आतला नमुना घेऊन तपासायला पाठवला, त्यात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू निघाला. एक माज उपचारात घालवला आणि पुढच्या माजाला भरवली. सोनोग्राफीत पिशवी कोरडी दिसल्यावर निरणाच्या वरच्या भागाला टाके घातले. याला कॅस्लिकचे टाके म्हणतात. या वेळी गाभ राहिला. एक गोष्ट मात्र विसरायची नाही: विण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी हे टाके उघडावे लागतात, नाहीतर शिंगरू येताना सगळं फाटतं. त्या मालकाला आठवण द्यायला मीच फोन केला, तोवर तो टाके विसरूनही गेला होता.

भरवल्यानंतर पिशवीत थोडी सूज येणं स्वाभाविक आहे. निरोगी घोडी दीड-दोन दिवसांत ती धुऊन काढते, म्हाताऱ्या घोडीला किंवा बारा-तेराव्या वर्षी पहिल्यांदा भरवलेल्या शर्यतीच्या घोडीला ते जमत नाही. अशा घोडीला रोज नर दाखवून चार-चार वेळा भरवणं म्हणजे दर वेळी नवी घाण आत घालणं. बीजांड सुटायच्या बेताला एकदाच भरवा, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करा. पाणी दिसलं तर पिशवी धुणं आणि ऑक्सिटोसिन (पिशवी आकसवून पाणी बाहेर काढणारं औषध) देणं हे डॉक्टरांचं काम. आपल्या मनाने अँटिबायोटिक सोडू नका. त्याने बुरशी मागे लागते आणि ती काढताना नाकी नऊ येतात.

विल्यानंतर सात ते दहा दिवसांत येणारा पहिला माज अनेक जण साधतात. वीण सोपी गेली आणि वार वेळेत पडली असेल तर हरकत नाही. पण गाईसारखा हिशेब घोडीला लावू नका. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ते तातडीचं दुखणं आहे. अशा घोडीचा पहिला माज सोडून द्या.

आता सगळ्यात फसवा प्रकार. पस्तिसाव्या दिवसानंतर गर्भाशयात काही खास पेशींच्या वाट्या तयार होतात आणि त्या स्वतःचा हार्मोन सोडतात. त्यानंतर गाभ गेला तरी या वाट्या १०० ते १२० दिवसांपर्यंत तग धरतात. घोडी नीट माजावर येत नाही, आणि या हार्मोनवर चालणारी रक्ततपासणी गाभण सांगते. मालक खुशीत, आत काहीच नाही, हंगाम गेला. यात्रेत "कागद आहे, गाभण आहे" म्हणून घोडी विकतात तेव्हा हे लक्षात ठेवा. कागदापेक्षा त्या दिवशीची सोनोग्राफी मागा.

जुळं हेही एक कारण आहे. शेळीला जुळं झालं की पेढे वाटतात, घोडीला जुळं म्हणजे संकट. तिच्या पिशवीत दोघांना पुरेशी जागा मिळत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात आणि कधीकधी सात-आठ महिन्यांनी. सोळाव्या दिवसाच्या आत दिसलं तर डॉक्टर हाताने एक गोळी दाबून फोडतात आणि दुसरी वाचते. पहिली सोनोग्राफी वेळेवर हवी ती यासाठीच. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांत जुळं जास्त आढळतं.

आता गाभ टिकवायच्या त्या इंजेक्शनकडे येऊ. प्रोजेस्टेरॉन (गाभ टिकवणारा हार्मोन) कमी पडल्याने गाभ जातो हे खरं, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा ते कमी वेळा घडतं. आधी रक्तात मोजून घ्या, ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर सहसा काळजी नसते. गाई-म्हशींना सर्रास देतात ते हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट घोडीचा गाभ टिकवत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. टिकवतं ते अल्ट्रेनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) किंवा खरं प्रोजेस्टेरॉन, तेही योग्य मात्रेत आणि नियमित. पिशवीत संसर्ग असताना ते दिलं तर पू आतच कोंडतो. अल्ट्रेनोजेस्ट हाताळताना हातमोजे घाला, घरातल्या बायकांना ते हाताळू देऊ नका, कातडीतून शरीरात शिरतं. उलट बाजूची चूकही होते: घोडी शेपटी उचलते म्हणून सोनोग्राफी न करताच माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिन टोचतात. गाभण घोडीही कधीकधी माज दाखवते. त्या एका सुईने चांगला गाभ जातो.

अठरा-वीस वर्षांच्या घोडीचं बीजांडच थकलेलं असतं, त्यावर औषध नाही. वारंवार जाणाऱ्या गाभामागे गर्भाशयाच्या अस्तरात तंतू वाढलेले असू शकतात. अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासता येतो आणि अहवाल खराब आला तर शिंगराची आशा दहा टक्क्यांखाली धरा. तरुण, तब्येतीने चांगली, पिशवी स्वच्छ आणि तरीही तीन-चार वेळा गाभ गेला तर गुणसूत्रांची तपासणी करायला हवी. नरही बदलून पाहा, दोष नेहमी घोडीच्याच माथी मारायची गरज नाही.

चंदी-वैरणीत माझा जोर दोन गोष्टींवर. बरगड्या दिसू नयेत, हाताला लागाव्यात, आणि भरवल्यावर पहिले दोन महिने घोडी उतरू नये. बुरशी आलेला हरभरा, काळा पडलेला कडबा नको. हिरव्या ज्वारीवर तर घोडी ठेवूच नका. घोड्यांत त्याने लघवीचा मार्ग लुळा पडतो, गाभही जातो. केंटकीत २००१ साली केसाळ अळ्या खाण्यात गेल्याने हजारो घोड्यांचे गाभ गेले, तेव्हा अळी पडलेला चारा झटकून, निवडून टाका.

लग्नसराई याच महिन्यांत येते. वरातीची घोडी भरवली असेल तर पहिले दोन महिने तिला भर उन्हात टेम्पोतून हिंडवू नका, हे माझं मत. आवाजाने गाभ पडतो असं मी म्हणणार नाही. पण ऊन, ताप, पोटदुखी यांनी नक्की धोका वाढतो. अधूनमधून ताप येतो, पाय सुजतात, घोडी वाळत चालली असेल तर सर्रा (माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि गोचीडतापासाठी रक्त तपासा.

सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली तर कारणं वेगळी, बहुतेक संसर्गाची. पडलेलं शिंगरू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, बर्फात ठेवून डॉक्टरांना कळवा आणि बाकीच्या घोड्या दूर बांधा. नमुने पुढे पाठवायला मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रही आहे.

घोडी दाखवायला आणाल तेव्हा ते कॅलेंडर सोबत घ्या. त्याची पानं फाडली असतील तर निदान भरवल्याच्या, माज दिसल्याच्या आणि विल्याच्या तारखा एका कागदावर लिहून आणा.