तिथे डिलिव्हरीवाल्याचा फोन येत नाही: जर्मनीत नव्यानं गेलेल्यांनी ऑनलाइन खरेदी कशी करावी

आपल्याकडे बेळगावात ऑनलाइन मागवलेली वस्तू पत्त्यापेक्षा फोनवरच घरी पोचते. "एल्ली अदीरी, अण्णा?" (कुठे आहात, दादा?) असा फोन येतो. आपण अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत सांगतो, की तिसऱ्या गेटापासून आत या, मारुतीच्या देवळाजवळ थांबा, मी खाली येतो. घरात कोणी नसलं तर शेजारच्या काकू घेऊन ठेवतात. पत्ता अर्धामुर्धा असला तरी काही अडत नाही.

जर्मनीत मी सहा वर्षं होते. तिथे हा फोन जवळजवळ कधीच येत नाही. सगळा व्यवहार लिहिलेल्या अक्षरांवर चालतो आणि नव्या माणसाचा जीव तिथेच मेटाकुटीला येतो. दरवर्षी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं शिकायला, नोकरीला तिकडे जातात आणि पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांची रड एकच असते, "पार्सल परत गेलं." म्हणून हे लिहिते आहे, निघण्यापूर्वी वाचून ठेवा.

सगळ्यात आधी दारावरचं नाव

गेल्या गेल्या मी एक जाड रजई मागवली. नोव्हेंबर होता, अंगावर घरून नेलेली चादर. पार्सल ज्या दिवशी यायचं, त्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत बसून होते. संध्याकाळी मेल आला, की या पत्त्यावर ही व्यक्ती सापडली नाही, वस्तू परत पाठवली आहे. मला रडूच फुटलं. खाली जाऊन बघितलं तेव्हा उलगडा झाला. मुख्य दाराशी पितळेच्या पट्टीवर बारा बटणं, प्रत्येकाशेजारी प्लास्टिकखाली एक आडनाव, आणि माझ्या खोलीच्या बटणाशेजारी अजून आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं.

तिकडच्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पार्सलवाला घंटीवरचं आडनाव वाचतो, नाही दिसलं तर निघून जातो. त्याची चूक नसते, कारण त्याला दुसरं काही माहीतच नसतं. तेव्हा घराची किल्ली मिळाली, की त्याच दिवशी घंटीवर आणि पत्रपेटीवर, म्हणजे 'क्लिंगल' आणि 'ब्रीफकास्टन'वर, आपलं आडनाव लावून घ्या. घरमालकाला किंवा इमारत सांभाळणाऱ्याला सांगा, आणि तो येईपर्यंत कागदाची पट्टी स्वतः चिकटवा. दुसऱ्याच्या घरात तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली 'केअर ऑफ' म्हणून घंटीवर ज्याचं नाव आहे त्याचं आडनाव लिहा.

आपल्याकडच्या पासपोर्टांत आणखी एक घोळ असतो. कुणाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सगळं एकाच रकान्यात, तर कुणाचा आडनावाचा रकाना रिकामाच. पार्सल टपाल कार्यालयातून सोडवायला जाल तेव्हा ओळखपत्रावरचं नाव आणि पार्सलवरचं नाव जुळवून बघतात. त्यामुळे पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच घंटीवर, बँकेत आणि प्रत्येक दुकानाच्या खात्यात ठेवा. जन्मगावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण अनेकांच्या पासपोर्टवर जुनंच इंग्रजी नाव आहे. बँकेच्या पडताळणीत पासपोर्टवर छापलंय तेच भरा, तिथे वाद घालू नका.

पत्ता लिहिताना

रस्त्याचं नाव, त्यापुढे घराचा नंबर, खालच्या ओळीत पाच आकडी पिनकोड आणि गाव, एवढाच पत्ता. देवळाजवळ, शाळेसमोर असलं काही लिहू नका, ते कोणी वाचत नाही.

दिवसभर कॉलेजात किंवा कामावर असाल तर डीएचएलच्या पॅकस्टेशनवर नाव नोंदवा. पिवळ्या लोखंडी कपाटांची ती रांग बहुतेक गावांत सापडते आणि नोंदणी फुकट आहे. आपल्याला एक ग्राहक क्रमांक मिळतो, तो आणि पॅकस्टेशनचा नंबर पत्त्याच्या जागी लिहायचा, मग रात्री अकरालाही पार्सल काढता येतं. मात्र दुकान कोणत्या कुरिअरनं पाठवतं ते आधी बघा. हर्मीस किंवा डीपीडीनं येणारं पार्सल या पत्त्यावर मागवू नका.

पैसे कशातून द्यायचे

पहिले काही आठवडे भारतातलंच कार्ड वापरावं लागतं. त्यासाठी इथून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातल्या ऑनलाइन व्यवहारांचं बटण चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांपासून ही सोय आपल्या हातात आली, पण ती बंद आहे हे पुष्कळांना तिकडे पोचल्यावर कळतं. दुसरं म्हणजे भारतातलं सिम चालू ठेवा, त्यावर रोमिंग सुरू करा आणि रिचार्जची तारीख घरच्यांना सांगून ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

तिथलं खातं उघडलं, की रस्ता मोकळा होतो. दुकानं मुख्यतः पेपाल, क्रेडिट कार्ड, 'लास्टश्रिफ्ट' (म्हणजे दुकान तुमच्या खात्यातून परस्पर पैसे ओढून घेतं) आणि 'रेख्नुंग' हे मार्ग देतात. रेख्नुंग आपल्या मुलांना फार आवडतं, कारण ते कॅश ऑन डिलिव्हरीसारखं वाटतं: आधी वस्तू, नंतर पैसे. पण पैसे न्यायला दारात कोणी येत नाही. बिलावर तारीख असते, त्या तारखेपर्यंत आपण स्वतः पैसे भरायचे. विसरलात तर 'माहनुंग' नावाचं स्मरणपत्र येतं, मग दंड, मग वसुली करणाऱ्या कंपनीची पत्रं. जर्मन येत नाही म्हणून ती पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलेली मुलं मी बघितली आहेत. असं कृपा करून करू नका. शिवाय 2024 च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्यांच्या 'ब्लॉक्ड अकाउंट'ची (व्हिसासाठी ज्यात आधी पैसे भरायचे आणि मग ते दरमहा थोडे थोडे मिळतात, त्या खात्याची) रक्कम वर्षाला 11,904 युरो धरली आहे, म्हणजे हातात महिन्याला 992. एका महिन्यात चार रेख्नुंग साठली तर भाडं कशातून देणार?

नवीन माणसाला रेख्नुंग नाकारलंही जातं. तिथे शूफा नावाची संस्था प्रत्येकाची पत नोंदवते आणि आपली नोंद अजून झालेलीच नसते. तो अपमान समजू नका, दुसरा मार्ग निवडा.

बटण दाबण्यापूर्वी

छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो, साधारणपणे 19 टक्के, खाद्यपदार्थ आणि पुस्तकांवर 7. पाठवणीचा खर्च मात्र वेगळा, त्याला 'फेरझांडकोस्टन' म्हणतात. शेवटच्या बटणावर 'त्साहलुंग्सफ्लिश्टिश बेश्टेलन' असं लांबलचक किंवा त्याच अर्थाचं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, दाबलंत की पैसे देणं लागतं. 2012 पासून तिथल्या कायद्यानंच बटणावर हे स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून असे शब्द दिसेपर्यंत निर्धास्त बघा आणि दिसले, की थांबून एकदा वाचा.

अनोळखी दुकान फारच स्वस्त देत असेल तर पानाच्या तळाशी 'इम्प्रेसुम' शोधा. त्यात दुकानदाराचं नाव, पत्ता आणि संपर्क असणं बंधनकारक आहे. ते नसेल, किंवा फक्त आगाऊ बँक ट्रान्स्फर मागत असेल, तर सोडून द्या.

बुटांचं माप आपल्याकडे ब्रिटिश चालतं. आपला 8 नंबर म्हणजे तिथला साधारण 42. विजेचं मात्र सोपं आहे: तिथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. त्यामुळे घरचा मिक्सर नेला तर फक्त पिनेचा ॲडॅप्टर लागतो. माझं मत विचाराल तर मिक्सर नक्की न्या, तिथल्या यंत्रात सुक्या खोबऱ्याची चटणी मनासारखी होत नाही.

पार्सल आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही

पत्रपेटीत चिठ्ठी असेल तर नीट वाचा. 'नाखबार' हा शब्द दिसला तर पार्सल शेजाऱ्याकडे आहे, तिथेही काकूच धावून येतात. संध्याकाळी लवकर जा, दार वाजवा, नाव सांगा. माझी तिथली पहिली ओळख अशाच एका चिठ्ठीमुळे झाली. टपाल कार्यालयात ठेवलं असेल तर आठवड्याच्या आत पासपोर्ट घेऊन जा.

वस्तू आवडली नाही तर घाबरू नका. युरोपीय संघाच्या कायद्यानं ऑनलाइन खरेदी वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत रद्द करता येते आणि कारण सांगावं लागत नाही. याला 'विडररूफ' म्हणतात. आपली मुलं इथेच चुकतात: नुसतं पार्सल परत पाठवतात आणि पैशांची वाट बघतात. जर्मनीत तेवढं पुरत नाही, रद्द करतोय असं स्पष्ट कळवावं लागतं. मेलमध्ये ऑर्डर क्रमांक, वस्तूचं नाव, मिळाल्याची तारीख आणि 'विडररूफ' हा शब्द लिहा, पाठवणीची पावती जपून ठेवा. तुमचा मेल मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे परत करणं दुकानावर बंधनकारक आहे, मात्र वस्तू किंवा पाठवल्याचा पुरावा हाती येईपर्यंत ते थांबू शकतं. परतीचा टपालखर्च तुमच्यावर पडेल का ते अटींत बघा. सील फोडलेल्या स्वच्छतेच्या वस्तू, नाशवंत पदार्थ आणि तुमच्या मापानं बनवून घेतलेल्या वस्तूंना ही सवलत नाही.

वस्तू सदोष निघाली तर दोन वर्षांपर्यंत दुकानदार जबाबदार असतो. "कंपनीशी बोला" म्हणून त्यानं हात झटकले तरी मागे हटू नका. पहिल्या वर्षात दोष आधीपासून नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच.

घरून पार्सल मागवताना

आई-बाबांना हे आधी सांगा: दूध आणि मांस असलेले पदार्थ युरोपात टपालानं किंवा सामानातून न्यायला बंदी आहे. म्हणजे दूध आटवून केलेला आपला कुंदा गेला. माझ्या आईनं एकदा पाव किलो पाठवला होता, तो माझ्यापर्यंत आलाच नाही, आणि तिला ते सांगताना मला फार वाईट वाटलं. संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि घरचा मसाला मात्र दरवेळी नीट पोचला.

घरच्या माणसानं घरच्या माणसाला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत असेल तर कर लागत नाही. डब्यात काय आहे, किती वजनाचं, किती किमतीचं, हे सीमाशुल्काच्या फॉर्मवर इंग्रजीत खरं खरं लिहायला सांगा, 'खाऊ' एवढंच लिहून चालत नाही. आणि वर नाव तेच घालायला सांगा, जे तुमच्या घंटीवर आहे. घरात हाक मारायचं नाव नको.