तीन मिनिटांच्या आत

पदव्युत्तरला पशुशरीरक्रियाशास्त्र घेतलं आणि कोंबड्यांवरचा उष्णतेचा ताण हा विषय निवडला, तेव्हा वाटलं होतं की आपण विदर्भातले, ऊन आपल्याला नवं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात घेतलेले रक्ताचे सगळे नमुने बाद करावे लागले. बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी घेऊन या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांना तेच आधी सांगते.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश असतं आणि मोठ्या पक्ष्याला साधारण 18 ते 24 अंशांची हवा मानवते. पारा 40 कडे सरकला की ती पंख अंगापासून दूर धरून चोच उघडते आणि धापा टाकू लागते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ताण ओळखतो आणि सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, मग ॲड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं, म्हणून माणसांसाठीचं चाचणी किट इथे आणू नका.

माझी चूक पक्षी पकडण्यात झाली. पक्षी हातात आला की साधारण तीन मिनिटांनंतर निव्वळ भीतीनेच कॉर्टिकोस्टेरॉन चढू लागतं. मी एकटी शेडमध्ये शिरायचे, कोंबड्यांना कोपऱ्यात रेटायचे, शीर सापडेपर्यंत धरून ठेवायचे. गारव्यातल्या गटाचे आकडेही उन्हातल्यांइतकेच चढलेले आले. त्यातलं उन्हाचं किती आणि माझ्या हातांचं किती, ते वेगळं काढायला मार्गच नव्हता. मार्गदर्शक सरांनी वही मिटली आणि आठ दिवस शेडमध्ये नुसतं बसायला सांगितलं.

ते आठ दिवस मला सगळ्या पुस्तकांहून जास्त देऊन गेले. पक्ष्यांना माझी सवय झाली, आणि मी धापा मोजायला शिकले. भर दुपारी त्या मिनिटाला दीडशेच्या वर जातात. एवढ्या धापांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि कवचासाठी लागणारं बायकार्बोनेट व मोकळं कॅल्शियम कमी पडतं. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची का येतात, ते तिथे तुसावर बसून कळलं. पुढे आम्ही दोघं मिळून काम करू लागलो. एकजण पकडणार, दुसरा पंखाखालच्या शिरेतून रक्त घेणार, घड्याळ समोर, आणि रोज वेळ तीच, कारण या संप्रेरकाला दिवसाची लय असते.

सुरुवात काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून पेशी मोजण्यापासून करा, हे माझं ठाम मत आहे. हेटेरोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर ताणात वाढतं, पण मिनिटांत नाही, तासांत. पकडण्याच्या गोंधळाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि खर्चही नगण्य.

मेंदूतली रसायनं मोजायची तर पक्षी मारावा लागतो. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आणि लागतील तेवढेच पक्षी मागा. मला ते कधीच सोपं गेलं नाही. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनालिन काही मिनिटांतच विघटित होऊ लागतात, म्हणून हायपोथॅलॅमस लगेच वेगळा काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. एका दुपारचा तडाखा आणि पंधरा दिवसांची धग यांचं चित्र वेगळं येतं, मेंदूच्या दोन भागांतही वेगळं येतं. दुसऱ्याच्या निकालाशी तुलना करताना ऊन किती दिवसांचं होतं ते आधी पाहा. आतड्यांनाही विसरू नका. उष्णतेत आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल होतात, जिवाणूंचं विष रक्तात शिरतं, दाह वाढतो. शवविच्छेदनात बर्सा आणि थायमस हे रोगप्रतिकारशक्तीचे अवयव आक्रसलेले दिसले की लसीचा प्रतिसाद कमी का, हेही उमगतं.

पुढच्या शिक्षणासाठी नागपूरच्या माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत, उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, हैदराबादचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. कुठेही जा, प्रबंध सुरू असतानाच शेतकऱ्यांच्या शेडवर जात राहा.

अमरावतीकडे एका काकूंच्या ब्रॉयलर शेडवर मी हे सगळं समजावत होते. सकाळी दहानंतर खाद्य उचला, पचनाचीही उष्णता होते. पाण्यात इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षार, आणि क जीवनसत्त्व द्या. इथली हवा कोरडी आहे, बारीक तुषार उडवणारे फॉगर उपयोगी पडतील, कोकणातल्या दमटपणात तेच अंगाशी आले असते. काकूंनी ऐकून घेतलं आणि मला निपलच्या, म्हणजे पक्षी चोचीने पाणी पितात त्या तोट्यांच्या, पाइपला हात लावायला सांगितला. पाइप चटका बसेल इतका तापलेला. टाकी पत्र्यावर, भर उन्हात. त्यांनी त्याच दुपारी टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पाइपमधलं तापलेलं पाणी सोडून दिलं. थोड्याच वेळात पक्षी निपलपाशी दाटीने गोळा झाले.