कोटीचा रेडर बाहेर बसतो तेव्हा: कबड्डीत करिअर करायचं म्हणणाऱ्या पोरांसाठी

दरवर्षी प्रो कबड्डीचं ऑक्शन झालं की आमच्या मंडळाच्या ग्राउंडवर दोन-तीन दिवस दुसरा विषयच नसतो, अमक्याला दोन कोटी, तमक्याला दीड कोटी, आणि मग संध्याकाळी कोणीतरी बाजूला येऊन हळूच विचारतं, दादा, रेडर व्हायचं तर काय करायला लागेल. चढाई करणारा रेडर सगळ्यांनाच व्हायचं असतं, पण इतक्या वर्षांत एकाही पोराने मला विचारलं नाही की राइट कव्हर, म्हणजे उजव्या कोपऱ्याच्या बाजूचा डिफेंडर, व्हायचं तर काय करायला लागेल. मी स्वतः जवळपास आठ वर्षं कव्हरलाच खेळलो, मंडळ, जिल्हा, मग कंपनीची टीम, मधे एक फ्रँचायझीवाली छोटी लीग, आणि आता नोकरी सांभाळून पोरांना शिकवतो. त्यामुळे जे लिहितोय ते मॅटवर उभं राहून बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट, जी टीव्हीवर बघताना लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये तुमचा महागडा बॅट्समन आउट झाला तर झाला, पण निदान फिल्डिंगला तरी तो परत उतरतो. कबड्डीत रेडर पकडला गेला की तो बाहेर जाऊन बसतो आणि स्वतःच्या ताकदीवर परत येऊच शकत नाही. दुसऱ्या कोणीतरी पॉइंट आणला तर तो आत, नाहीतर आख्खी टीम बाद होऊन लोण बसल्यावरच. त्यातही बोनसने, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याच्या पॉइंटने, माणूस उठत नाही, सुपर टॅकलच्या, म्हणजे तीन किंवा कमी डिफेंडरांनी केलेल्या पकडीच्या, जादा पॉइंटनेही उठत नाही, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. म्हणजे तुमचा स्टार तिसऱ्या नंबरवर बाद झाला असेल तर त्याच्या आधी दोघं उठणार, मग तो. तोपर्यंत दोन कोटी रुपये बाहेर बसून टाळ्या वाजवतात. आणि त्याला आत आणायचं काम कोणाचं, तर ज्याचं नाव ऑक्शनच्या बातमीत शेवटच्या ओळीतही नव्हतं त्या डिफेंडरचं. माझं सगळं म्हणणं या एका नियमातून आलंय.

आता खरी उदाहरणं घ्या. दहाव्या सीझनसाठी, २०२३ च्या ऑक्शनमध्ये, तेलुगू टायटन्सने रेडर पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तेव्हा एका टीमची पूर्ण पर्स, म्हणजे ऑक्शनला खर्चायची रक्कम, होती ५ कोटी, म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसा एका माणसावर, आणि उरलेल्यात बाकीची सगळी टीम बसवायची, किमान १८ खेळाडू तर लागतातच. पवन वाईट खेळला का? अजिबात नाही, त्या सीझनमध्ये दोनशेच्या वर रेड पॉइंट काढले त्याने. पण टायटन्स २२ पैकी फक्त २ मॅच जिंकले आणि सगळ्यात खाली राहिले. मला त्या सीझनला पवनसाठी खरंच वाईट वाटायचं, कारण तो एक बाजू ओढत होता आणि तो बाहेर गेला की त्याला उठवणारं कोणी नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, हाच पवन तमिळ थलायवाजकडे होता, २ कोटी २६ लाख ५० हजारांना. पहिल्याच मॅचमध्ये गुडघा गेला आणि सीझन संपला. सगळ्यांना वाटलं टीम संपली. आणि झालं काय, थलायवाज त्या वर्षी पहिल्यांदा सेमीफायनलला गेले! नरेंदर नावाचा नवा पोरगा रेडिंगला उभा राहिला, त्याने दोनशेच्या वर पॉइंट काढले, पण माझ्या नजरेत जास्त भरले ते दोन कोपरे, सागर आणि साहिल गुलिया. रेडर बाद झाला तरी फार वेळ बाहेर राहायचा नाही कारण हे पकडी करून त्याला उठवत होते. एकच माणूस, दोन टीम, दोन वर्षं, ज्या वर्षी तो मॅटवरच नव्हता त्या वर्षी टीम वर आणि ज्या वर्षी तो जवळजवळ पूर्ण सीझन खेळला त्या वर्षी टीम तळाला.

आपल्या मातीतलं पण सांगतो. सिद्धार्थ देसाई, आपला चंदगडचा रेडर, २०१८ ला यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि पोराने अक्षरशः धुमाकूळ घातला, मागे डाव्या कोपऱ्याला फझल अत्राचली उभा होता. पुढच्या वर्षी टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले. सिद्धार्थने तिकडेही दोनशेचा टप्पा ओलांडला, म्हणजे पैसे घेऊन तो ढिला पडला असं कोणी म्हणू नये, पण टीम १२ मध्ये ११ वी. पोरं मला म्हणतात त्याचं नशीब वाईट. नशीब नाही रे, मागचा कोपरा बदलला.

म्हणजे पैसा खर्च करणं चूक आहे का, तर तसंही नाही. पुणेरी पलटणने दहाव्या सीझनलाच इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या डिफेंडरसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि कप जिंकला. पण आधी त्यांच्याकडे काय होतं ते बघा. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, ही पोरं आधीपासून एकत्र खेळत होती, आदल्या वर्षी फायनल हरली होती, आणि बी सी रमेश सरांसारखा माणूस कोच होता. जमलेल्या साखळीत एक जागा होती, ती जागा ओळखून त्यांनी तिथे माणूस आणला. शादलूने ९९ टॅकल पॉइंट काढले त्या सीझनला, टीम लीगमध्ये २२ पैकी फक्त २ मॅच हरली. पैसा तिथे शेवटी आला. ज्यांचं फसतं ते ऑक्शनमध्ये पहिल्या तासाला पर्स रिकामी करतात आणि मग उरलेल्या जागा जो स्वस्त मिळेल त्याने भरतात.

आता माझ्या स्वतःवर आलेली गोष्ट, हिचं मला अजून वाईट वाटतं. त्या छोट्या लीगमध्ये आमच्या मालकांनी एका रेडरवर बहुतेक बजेट घातलं होतं. रेडर खरंच भारी, माणूस म्हणूनही चांगला, पण त्याच्या कंपनीच्या मॅचेस चालू होत्या त्यामुळे सहा दिवसांच्या कॅम्पला तो चौथ्या दिवशी पोचला. माझ्या बाजूला राइट कॉर्नरला दुसऱ्या जिल्ह्यातला एक पोरगा होता, एकट्याची अँकल पकड म्हणाल तर मी ज्यांच्या बाजूला उभा राहिलो त्यात सगळ्यात मजबूत. आम्ही दोघं एकमेकांना सहा दिवस ओळखत होतो, त्यातले दोन दिवस फोटोशूट आणि जर्सीत गेले.

तिसरी मॅच, शेवटची दोन मिनिटं, एका पॉइंटने मागे. आमचा रेडर बाहेर, उठण्याच्या रांगेत पहिला. मॅटवर आम्ही तिघं, म्हणजे सुपर टॅकल चालू, पकड झाली की दोन पॉइंट आणि आमचा माणूस आत. समोरच्याची डू ऑर डाय रेड, म्हणजे पॉइंट नाही आणला तर तो बाद, त्याला यावंच लागणार होतं. मी आणि कॉर्नर हात धरून उभे. आता माझ्या मंडळात पद्धत अशी की कॉर्नर आत जायच्या आधी हात दोनदा दाबतो, मग कव्हर पुढून बंद करतो. त्याच्या मंडळात पद्धत अशी की कॉर्नर हात सोडतो आणि तोच इशारा. हे आम्ही सहा दिवसांत एकदाही बोललो नव्हतो. रेडरने उजवा पाय खोल टाकला, याने माझा हात सोडला, मला वाटलं हा मागे सरकतोय म्हणून मी पण अर्धं पाऊल मागे घेतलं, आणि त्याच क्षणी तो घोट्यावर पडला. पकड एकदम बरोबर बसली होती. मी वळून पोचेपर्यंत रेडरने त्याला फरफटत नेत मध्यरेषेला बोटं टेकवली. मग मॅटवर आम्ही दोघं, मग लोण, मॅच गेली. आमचा सगळ्यात महाग खेळाडू हे सगळं बाहेर उभा राहून बघत होता, त्याच्या टॅलेंटचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. मॅचनंतर मालकांनी कॉर्नरला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हा मी गप्प बसलो, ते बसायला नको होतं, चूक त्याची नव्हतीच.

तर नव्या पोरांनी यातून घ्यायचं काय. रेडर होऊ नका असं मी सांगत नाही, अंगात चपळाई असेल, दम असेल तर व्हाच. पण ट्रायलला गेलात की समोर तीस-चाळीस पोरं रेडरच असतात, सगळ्यांना उडी मारून दाखवायची असते, आणि कोपऱ्याला उभं राहून बाजूच्याशी बोलणारा एखादाच. मी दोन-तीन निवड चाचण्यांना सिलेक्टर सरांच्या मागे बसून बघितलंय, त्यांची नजर त्या बोलणाऱ्यावर जाते. ट्रायलला अनोळखी पोरासोबत उभे केले तर रेडर यायच्या आधी दहा सेकंदात विचारून घ्या, तू आधी जातोस की मी, हात दाबतोस की सोडतोस, बस. आणि रेडर असाल तर एकतरी पोझिशन डिफेन्समधली अशी तयार करा की लोक नुसते भरती म्हणून तुम्हाला तिथे उभं करणार नाहीत.

कुठल्या टीमची ऑफर आली, लीग असो नाहीतर कंपनी, तर पैशाच्या आकड्यासोबत हेही विचारा की कॅम्प किती दिवसांचा, कोच कोण आणि तो गेल्या वर्षीही होता का, गेल्या वर्षीची किती पोरं ठेवलीत, आणि माझ्या बाजूला कोण उभं राहणार. विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो. आणि कमी पैशाच्या पण तीच पोरं दोन-तीन वर्षं एकत्र ठेवणाऱ्या टीमकडे पाठ फिरवू नका, तिथे तुमचा खेळ दिसतो, मग पैसे मागून येतात. नोकरीवाली टीम मिळत असेल तर घरच्यांचाही विचार करा, गुडघा गेला की लीगचा करार किती दिवस उरतो हे मी माझ्या बाजूला खेळलेल्या दोघांचं बघितलंय.

एक अभ्यास मी सगळ्यांना देतो, तुम्हीही करा. कुठलीही जुनी मॅच यूट्यूबवर लावा, टीममधला सगळ्यात महाग खेळाडू ठरवा आणि तो बाहेर गेला की मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करा, आत आला की बंद. आणि प्रत्येक वेळी त्याला कोणी उठवलं त्याचं नाव वहीत लिहा. आमच्याकडचा एक दहावीतला पोरगा, जो दिवसभर रेडरसारखी डुबकी मारून बघायचा, त्याने अशा चार मॅच लिहून आणल्या, वहीत पानभर डिफेंडरची नावं, त्यातली निम्मी त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेली. त्या दिवशी काही बोलला नाही. मंगळवारी प्रॅक्टिसला आला आणि म्हणाला दादा मला आज कव्हरला उभं करा. आता तो आणि आमचा राइट कॉर्नर रोज शेवटी थांबून तीच एक पकड चाळीस वेळा करतात, हात दाबायचा की सोडायचा यावरून अजून त्यांची भांडणं चालू आहेत.