गणिताच्या कॉन्फरन्सला जाताना: अर्धवट समजलेल्या टॉकमधून काय मिळवायचं

गणिताच्या कॉन्फरन्समधले बहुतेक टॉक बहुतेक श्रोत्यांना पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनंतर समजेनासे होतात. हे फक्त नवख्यांचं होत नाही, शेजारच्याच विषयात आयुष्य काढलेल्या प्राध्यापकांचंही होतं. सगळं समजून घ्यायचं ठरवून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी थकून मागच्या बाकावर मोबाइल काढतो. म्हणून उद्दिष्ट बदला. प्रत्येक टॉकमधून एक व्याख्या, एक उदाहरण आणि एक प्रश्न घेऊन बाहेर पडायचं, आणि तो प्रश्न घेऊन योग्य माणसासोबत फळ्यापुढे उभं राहायचं. पीएचडी करणाऱ्यांना आणि कॉलेजात शिकवता शिकवता संशोधन सांभाळणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून पुढची तयारी सांगितली आहे.

कुठे जायचं

आपल्याकडे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार संस्थांच्या वार्षिक अधिवेशनांचा. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ पासून आहे, रामानुजन मॅथेमॅटिकल सोसायटी १९८५ पासून. इथे सगळे विषय असतात, समांतर सत्रं चालतात आणि दहा-पंधरा मिनिटांचा स्वतःचा टॉक देण्याची संधी मिळते. दुसरा प्रकार एकाच विषयावरच्या कार्यशाळांचा. बंगळुरूचं आयसीटीएस, मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयसर, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट अशा संशोधनसंस्थांत त्या होतात. अर्जाची मुदत बहुतेकदा दोन-तीन महिने आधीच संपते आणि गाइडचं शिफारसपत्र लागतं. टॉक कमी आणि गप्पा जास्त असल्याने जिज्ञासू माणसाला इथे सर्वांत जास्त मिळतं. तिसरा प्रकार नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या प्रशिक्षण शाळांचा. बीजगणित, विश्लेषण किंवा टोपोलॉजीचा पाया कच्चा वाटत असेल तर कॉन्फरन्सच्या आधी एक अॅन्युअल फाउंडेशन स्कूल करा. तिथे व्याख्यानाइतकाच वेळ गणितं सोडवून घेण्यात जातो, आणि पुढचे टॉक ऐकताना त्याचा फरक लगेच जाणवतो.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. गणित, अभियांत्रिकी, वाणिज्य आणि मानव्यविद्या यांची एकत्र ‘आंतरराष्ट्रीय परिषद’, अॅबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर एका दिवसात स्वीकृती, आणि फी भरल्याबरोबर प्रमाणपत्र. बढतीच्या फाइलला कागद मिळतो, गणित मिळत नाही. तपासायचं सोपं आहे. जाहीर केलेल्या वक्त्यांची नावं झेडबीमॅथ या गणिती शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत टाका. ही सूची २०२१ पासून सर्वांना मोफत खुली आहे. ज्या विषयावर बोलणार म्हणून नाव छापलंय त्या विषयात चार शोधनिबंधही दिसत नसतील, तर पैसे आणि रजा वाचवा.

तीन आठवडे आधी

वेळापत्रक आणि अॅबस्ट्रॅक्ट छापून घ्या. समजा पंचवीस टॉक आहेत. त्यातले तीन किंवा चारच निवडा आणि त्यांचा मनापासून अभ्यास करा. प्रत्येकासाठी दीड तास पुरतो. वक्त्याचा त्या विषयावरचा ताजा प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा निबंध, आर्काइव्ह (arXiv) या मोफत संकेतस्थळावर शोधा, फक्त प्रस्तावना आणि मुख्य प्रमेय वाचा. सिद्धतेत शिरू नका. प्रमेयातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या स्वतःच्या हाताने एका पानावर लिहा. ज्या शब्दाची व्याख्या लिहिता आली नाही, त्याच शब्दापाशी टॉकमध्ये तुमची वाट चुकणार आहे, हे आधीच कळतं. शीर्षकावरून निवड करू नका. जून १९९३ मध्ये केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये अँड्र्यू वाइल्स यांनी तीन व्याख्यानांत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मांडली, पण मालिकेच्या नावात फर्माचा उल्लेखही नव्हता. मॉड्युलर फॉर्म, एलिप्टिक कर्व्ह आणि गाल्वा रिप्रेझेंटेशन एवढंच होतं.

दुसरी तयारी उदाहरणांची, आणि तीच सर्वांत उपयोगी आहे. आपल्या विषयातली पाच-सहा छोटी उदाहरणं इतकी तोंडपाठ हवीत, की वक्त्याने प्रमेय लिहिलं की लगेच त्यावर तपासता यावं. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; ग्राफ थिअरीवाल्यांकडे पीटरसन ग्राफ हवाच: १० बिंदू, १५ कडा, प्रत्येक बिंदूवर ३ कडा. ग्रुप थिअरीसाठी आठ घटकांचा क्वाटर्निअन ग्रुप ठेवा. त्याचा प्रत्येक उपग्रुप नॉर्मल असतो, तरी हा ग्रुप आबेलियन नाही, म्हणजे त्यात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. एलिप्टिक कर्व्हसाठी दोन हवेत. य² = क्ष³ − क्ष वर अनंतस्थ बिंदू सोडला तर परिमेय बिंदू (ज्यांचे दोन्ही निर्देशक परिमेय आहेत असे) तीनच: (०, ०), (१, ०), (−१, ०). य² = क्ष³ − २ वर मात्र (३, ५) पासून सुरुवात करून अनंत परिमेय बिंदू मिळतात. अनंत परिमेय बिंदू तयार करायला किती स्वतंत्र बिंदू लागतात तो आकडा म्हणजे रँक: एकाचा रँक शून्य, दुसऱ्याचा एक. रँकवरचं कुठलंही विधान आधी या दोघांवर लावून पाहायचं.

तिसरं काम म्हणजे ज्याला भेटायचंच आहे अशा एका माणसाला पाच-सहा ओळींचा ईमेल. कुठला निबंध, आर्काइव्हवरची कितवी आवृत्ती, कितवा लेमा (मुख्य प्रमेयाआधीचं साहाय्यक विधान), तिथे नेमकं काय अडलं, आणि चहाच्या वेळी वीस मिनिटं मिळतील का. ‘तुमचं काम मला फार आवडतं, मार्गदर्शन करावं’ अशा पत्राला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. लेमा क्रमांक लिहिलेल्या पत्राला अनोळखी माणसंही आवर्जून उत्तर देतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. कॉलेजातून ड्यूटी लीव्ह हवी असेल तर निमंत्रणपत्रावर तारखा आणि तुमचं पूर्ण नाव असल्याची खात्री करा. परदेशी जाणार असाल तर ते पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. सरकारी निधीतून विमानभाडं मिळणार असेल, तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजन्सींकडूनच काढण्याची अट आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारा. दुसऱ्या संकेतस्थळावर पाचशे रुपये स्वस्त मिळालेलं तिकीट नंतर सगळंच नामंजूर होऊ शकतं. बोर्डिंग पास आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत जपून ठेवा.

टॉक चालू असताना

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे वक्ता जे लिहितो ते, उजवीकडे तुमचे प्रश्न. डावी बाजू पूर्ण उतरवायचा हट्ट नको. आयसीटीएससारख्या ठिकाणी टॉकचं चित्रीकरण होऊन यूट्यूबवर येतं आणि स्लाइड मागितल्या तर वक्ते सहसा देतात. पहिल्या दहा मिनिटांतल्या व्याख्या आणि मुख्य प्रमेय एवढं मात्र शब्दन् शब्द उतरवा. नंतर धागा सुटला तरी परत यायला ती जागा लागते.

धागा सुटतोच. तो सुटला की तीन कामं करता येतात. प्रमेय तुमच्या छोट्या उदाहरणावर लावून पाहा. प्रमेयातली एक अट खोडा आणि विधान कुठे मोडतं ते शोधा. तेही जमलं नाही तर वक्ता कुठला शब्द पुन्हा पुन्हा वापरतोय तो टिपून ठेवा, कारण सिद्धतेचं इंजिन बहुधा तिथेच असतं.

दुसऱ्या कामाचं उदाहरण घेऊ. वक्त्याने लिहिलं: प्रत्येक बिंदूवर तीनच कडा असलेला, पूल नसलेला, प्रतलावर कडा एकमेकींना न छेदता काढता येणारा ग्राफ घ्या, तर त्याच्या कडा तीन रंगांत अशा रंगवता येतात की एका बिंदूवर भेटणाऱ्या कडांचे रंग वेगळे राहतात. पूल म्हणजे अशी कड, जी काढली तर ग्राफचे दोन तुकडे होतात. हे विधान चार रंगांच्या प्रमेयाशी (कुठलाही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या प्रदेशांचे रंग वेगळे राहतात) समतुल्य असल्याचं गणितज्ञ टेट यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. आता प्रतलाची अट खोडा आणि पीटरसन ग्राफ घ्या. प्रत्येक बिंदूवर तीन कडा आहेत, पूल नाही, पण तीन रंग पुरत नाहीत, चार लागतात. म्हणजे प्रतलाची अट शोभेची नाही. तेव्हा ‘सिद्धतेत ही अट नेमकी कुठल्या पायरीला लागते?’ हा प्रश्न आपोआप तयार होतो, आणि वक्त्यालाही तो आवडतो, कारण त्याचं उत्तर सिद्धतेच्या गाभ्यातून जातं.

असे आणखी प्रश्न तयार ठेवता येतात. हे प्रमेय जिथे क्षुल्लक ठरत नाही असं सर्वांत लहान उदाहरण कोणतं? उलट विधान खरं आहे का? स्थिरांक प्रत्यक्ष काढता येतो, की तो आहे एवढंच कळतं? पुढच्या पायरीला ही पद्धत कुठे अडते? यातला एक तरी प्रश्न जवळपास प्रत्येक टॉकला लागू पडतो.

विचारायचं कधी? लहान कार्यशाळेत व्याख्या किंवा चिन्हाबद्दलचा प्रश्न तिथल्या तिथे विचारावा. गणितात वक्त्याला मध्येच थांबवणं उद्धटपणाचं मानत नाहीत, आणि तुम्हाला न समजलेलं चिन्ह निम्म्या खोलीलाही समजलेलं नसतं. मोठ्या सभागृहात शेवटपर्यंत थांबा. इंग्रजीचा संकोच नको. जपानी, फ्रेंच, रशियन गणितज्ञ मोडक्या इंग्रजीत विचारतात आणि कोणी वाक्यरचना तपासत नाही. प्रश्न एका वाक्याचा असावा. ‘माझ्या निबंधात मी असं दाखवलंय की…’ अशी सुरुवात झाली, की सभागृह ऐकणं थांबवतं.

टॉकमध्ये जाहीर झालेल्या निकालापुढे तारीख आणि ‘जाहीर, सिद्धता पाहिलेली नाही’ असं लिहा. वाइल्स यांच्या त्याच सिद्धतेत पुढे फट सापडली. ती १९९४ मध्ये बुजली आणि निबंध १९९५ मध्ये छापून आला. मधल्या काळात कोणी तो निकाल गृहीत धरून पुढचं काही रचलं असतं, तर तेही वर्षभर अधांतरी राहिलं असतं. अप्रकाशित स्लाइडचा फोटो काढण्याआधी विचारा.

दिवसात सहा टॉक असतील तर पाचच ऐका. जेवणानंतरचा एक सोडून वाचनालयात बसा आणि सकाळच्या उजव्या बाजूच्या प्रश्नांपैकी एक सोडवायला घ्या. हा वेळ वाया जात नाही. उलट, सलग तीन दिवस काहीच न सुटू देता सगळं ऐकणाऱ्याच्या वहीत शेवटी एकही प्रश्न राहत नाही. दिवसातून एक टॉक मात्र आपल्या विषयाबाहेरचा असू द्या.

चहा आणि फळा

१९७२ मध्ये प्रिन्स्टनला चहाच्या वेळी गणितज्ञ ह्यू मॉन्टगोमेरी यांची भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांच्याशी ओळख करून दिली गेली. मॉन्टगोमेरी यांनी मूळ संख्यांच्या अभ्यासातल्या रीमान झीटा फलाच्या शून्यांमधल्या अंतरांचं आपलं सूत्र सांगितलं, आणि डायसन यांनी ते लगेच ओळखलं: अणुकेंद्राच्या भौतिकीत वापरल्या जाणाऱ्या यादृच्छिक मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांचं तेच सूत्र. त्या संभाषणातून एक अख्खी संशोधनशाखा उभी राहिली. मॉन्टगोमेरी यांच्याकडे सांगायला एका ओळीचं नेमकं सूत्र होतं, हे इथे महत्त्वाचं.

म्हणून स्वतःच्या कामाचे तीन आकार तयार ठेवा. अर्ध्या मिनिटाचा, ज्यात एकही चिन्ह नाही. तीन मिनिटांचा, ज्यात प्रमेय आणि एक उदाहरण आहे. आणि पंधरा मिनिटांचा, खडू हातात घेऊन. समोरचा ‘काय करतोस?’ म्हणाला की पहिला सांगून थांबा. त्याने पुढे विचारलं तरच दुसरा. सुरुवातीलाच तिसरा काढला तर चहा थंड होतो आणि माणूस निघून जातो.

रोज जेवताना निदान एकदा तरी आपल्या गाइडच्या आणि आपल्या विद्यापीठाच्या घोळक्यातून उठून दुसऱ्या टेबलावर बसा. मराठी माणसं भेटली की घोळका फार पटकन जमतो. तो संध्याकाळी जमवा. मोठ्या नावांपेक्षा तुमच्याहून तीन-चार वर्षं पुढे असलेल्या पोस्टडॉकना, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या संशोधनपदावर असलेल्यांना, गाठा. त्यांच्याकडे वेळ असतो आणि तुम्ही कुठे अडलाय ते त्यांच्या ताज्या आठवणीत असतं.

फळ्यावर बोलणं रंगलं आणि नवी कल्पना निघाली तर त्याच दिवशी स्पष्ट बोला: यावर पुढे एकत्र काम करायचं का? गणितात लेखकांची नावं साधारणपणे वर्णानुक्रमे येतात, पहिलं नाव म्हणजे मोठा वाटा असं नसतं, त्यामुळे वाद नावाच्या क्रमावरून होत नाही. तो नाव असावं की नसावं यावरून होतो. फळा पुसण्याआधी फोटो घ्या आणि त्यावर कोणती पायरी कोणाची ते लिहून ठेवा.

स्वतःचा टॉक किंवा पोस्टर असेल तर

पंधरा मिनिटांना बारापेक्षा जास्त स्लाइड नकोत आणि मुख्य प्रमेय तिसऱ्या स्लाइडपर्यंत आलं पाहिजे. बहुतेक टॉक फसतात ते आठ मिनिटं इतिहास आणि व्याख्यांत गेल्यामुळे. फाइल पीडीएफ असू द्या, फाँटची गडबड होत नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर. पोस्टर सहसा एशून्य आकाराचं, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. बोर्ड उभा की आडवा ते छापण्यापूर्वी विचारा. कापडावर छापलं तर घडी करून बॅगेत मावतं.

परतल्यावर

दोन दिवसांच्या आत वही उघडा. त्यानंतर स्वतःचीच खूण लागत नाही. उजव्या बाजूचे प्रश्न तीन गटांत लावा: उत्तर मिळालेले, वाचून मिळतील असे, आणि कोणालाच माहीत नसावेत असे. तिसऱ्या गटात दोन प्रश्न निघाले तरी प्रवास सार्थकी लागला. आठवड्याभरात ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना पत्र लिहा, आणि बोललेल्यापुढे एक पाऊल तरी त्यात असू द्या: एखादं तपासलेलं उदाहरण, सापडलेला जुना संदर्भ, किंवा ‘तुम्ही सुचवलेली पद्धत या पायरीला अडते’ एवढंही चालेल. तोंडी ऐकलेली कल्पना निबंधात वापरायची असेल तर आधी परवानगी मागा आणि आभारात नाव लिहा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर तेच पत्र एकदा पुन्हा पाठवा, आणि दरम्यान प्रवासभत्त्याचा अर्ज भरून टाका.